सुटे भाग

१० नोव्हेंबर, सोमवार

लॅपटॉप नाही. तयार सेटही नाही. सुटे भाग आणून डेस्कटॉप मीच जोडणार. ठरलं.

१ डिसेंबरपासून नवी नोकरी, घरूनच — सर्किट बोर्डांची डिझाइन्स. आधीचा लॅपटॉप कंपनीचा होता, राजीनाम्यानंतर परत गेला. राजीनामा मी दिला नव्हता. आयुषने दिला. मी आंघोळीला गेले होते, लॅपटॉप उघडा होता. माझ्या मेलवरून, माझ्या नावाने पाठवला. बाहेर आले तर म्हणाला, "सुटलीस बघ एकदाची!" नवरा आहे. त्याला खरंच वाटलं होतं, मी खूश होईन.

मागे घेता आला असता. मॅनेजरचा फोनही आला होता. उचलला नाही. काहीच उचलावंसं वाटत नव्हतं.

पुण्याहून इथे माहेरी आले. आईला वाटतंय, चार दिवसांसाठी. "लॅपटॉपच घे बाई, ने-आण करायला बरा." म्हणजे परत जाताना न्यायला. मला कळतं. मला कळतं हे तिलाही कळतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इथल्या एम. जी. रोडला झीशानच्या दुकानात. शाळेत माझ्याच वर्गात होता.

"अगं, तयार सेट घे ना! प्लग लाव, चालू. डोक्याला ताप नाही."

विचारलं, आत पॉवर सप्लाय कुठला?

"आत कोण बघतं!"

मी बघते. झाकण काढायला लावलं. पॉवर सप्लायवर कंपनीचं नाव नाही, नुसता स्टिकर. रॅमची एकच पट्टी, दुसरी जागा रिकामी.

झीशान हसायला लागला. "लग्नाआधी नवऱ्याचंही असंच झाकण उघडून बघितलंस का गं?"

मीही हसले. हसायची जागा आली की हसते हल्ली.

मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय त्याच्याकडून घेतले. हवा तो प्रोसेसर नव्हता. ऑनलाइन मागवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कॅबिनेट आलं. आई बघतच राहिली. "हे एवढं धूड? पुण्याला न्यायचं कसं?"

मी ते माझ्या टेबलाखाली सरकवलं.

"असं केलं तरी काय गं त्याने? एक ईमेल तर पाठवला! मारत नाही, पीत नाही. लोकांच्या पोरी काय काय सोसतात!"

पप्पा पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रोसेसर पोहोचल्याचा मेसेज. घरी तर काहीच आलं नाही. पत्ता पाहिला — पुण्याचा फ्लॅट.

इथे आल्या दिवशी एकूण एक पासवर्ड बदलले होते. पत्ता बदलायचा राहिला. मूर्खपणा!

संध्याकाळी आयुषचा फोन. मला नाही, आईला. "रविवारी पार्सल घेऊन येतो. जाताना सृष्टीलाही घेऊन जाईन." म्हणजे मला. आईने स्पीकर चालू ठेवला होता. मुद्दाम.

२३ नोव्हेंबर, रविवार

आयुष आला. पप्पांना जयभीम केला. आईने मटण केलं होतं. जेवण होईपर्यंत सगळे बरे बोलले.

मग माझ्या टेबलाजवळ आला. "बाप रे, काय हा पसारा! मला सांगायचं ना, तयार घेऊन दिला असता." प्रोसेसरचा बॉक्स फोडला. "सरक, मी बसवतो."

"नको. मी बसवणार आहे."

"अगं, दोन मिनिटांचं काम."

"नको म्हटलं ना, आयुष."

त्यानेच बसवला. प्रोसेसर खूण जुळवून नुसता अलगद ठेवायचा असतो. तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नसतो. त्याने फिरवून ठेवला, बसेना, म्हणून अंगठ्याने दाबला. खाली सॉकेटमध्ये केसासारख्या पिना असतात. एक रांग आडवी झाली.

"सॉरी, सॉरी! नवा बोर्ड घेऊ, त्यात काय! मदतच करत होतो ना मी?"

राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही. प्रोसेसर उचलून डबीत ठेवला.

आई दारात उभी होती, हातात बडीशेपेची वाटी. "नको म्हणाली होती ती," एवढंच पुटपुटली. मग मोठ्याने — "दोनदा म्हणाली. मी ऐकलं!"

"मम्मी, तुम्ही पण ना..." आयुष हसला. बाकी कोणी हसलं नाही.

एकटाच परत गेला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पिना सरळ करत बसले. आईची शिवणाची सुई, पप्पांचं भिंग. आई टॉर्च धरून.

"किती बारीक गं ह्या! एक वाकली तरी चालत नाही?"

"नाही."

थोड्या वेळाने — "तो ईमेल पाठवला, तेव्हा तू घरातच होतीस?"

"आंघोळीला गेले होते."

"म्हणजे विचारता आलं असतं."

"हो."

उजेड हलला. नीट धर म्हटलं. धरला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चालू झाला. पहिल्याच वेळी! रॅमच्या दोन्ही पट्ट्या दिसतात, तापमान ठीक. आईने बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, मग कॅबिनेटवरून हात फिरवला. "गरम होतंय का गं हे?" नाही म्हटलं.

मला आनंद झाला असावा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंचा फोन, आईला. मी आत काम करत होते, दार उघडं. सुनेला कधी पाठवता, एवढं मलाही ऐकू आलं. आई नेहमी लगेच काहीतरी सांगून मोकळी होते. आज नाही. फोनवर तळहात दाबून दारात आली.

"काय सांगू गं?"

"येणार नाही, म्हण."

"येणार नाही, म्हणते ती," आईने फोनमध्ये सांगितलं. पदरचा एक शब्द घातला नाही.

स्क्रीनवरचा बाण थरथरायला लागला. माऊसमध्ये बिघाड नव्हता.