न पिळलेली काकडी

प्रिय छोटे,

फोनवर मी तुला सगळं ठीक चाललंय म्हणते ना, ते सोडून दे. आज खरं लिहिते.

आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांच्या पोटात काही ठरत नाही. डॉक्टर म्हणाले, दही द्या, पोटाला चांगलं. पण साधं दही बाबांना कुठलं चालायला! जन्मभर हॉटेलात आचारी, त्यांना ग्रीक दह्यातला काकडीचा सॉसच हवा. मग काय, मोरीवरच्या खिडकीला रोज दह्याची पुरचुंडी टांगलेली. भांडी घासताना नेमकी डोक्याला लागते.

रोज सकाळी माझी परीक्षा. बाबा कॉटवरून हुकूम सोडणार. काकडी किसलीस? मीठ लावलंस? आता पीळ, अजून पीळ, घाबरतेस काय, ती काही ओरडणार नाही! मग लसूण नावाला, थोडा शेपू, वरून ऑलिव्ह तेल. वाटी समोर नेली की त्यात चमचा उभा रोवायचे. आडवा पडला की वाटी परत. आजारी माणूस आणि नखरे बघा! मी फणफणत पुन्हा करायचे, पण मनातून बरं वाटायचं गं. अख्ख्या हॉटेलला धाकात ठेवणारा माणूस अजून शाबूत आहे, असं वाटायचं.

परवा मला कामावर जायला उशीर होत होता. काकडी पिळलीच नाही, तशीच ढकलली दह्यात. सॉसचं नुसतं पाणी झालं. बोलणी खायच्या तयारीनेच मी वाटी पुढे केली. त्यांनी चमचा रोवलाच नाही. दोन घास कसेबसे गिळले आणि म्हणाले, छान झालंय. छोटे, आपल्या बाबांनी आजवर कुणाच्या हातच्या खाण्याला छान म्हटलंय का? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

दुखणं पसरलंय. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आम्हाला मागेच सांगितलं. तुझी नवी नोकरी म्हणून तुला कळवायचं नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली. मीही गप्प बसले, कारण ते माझ्यावर खेकसत होते तोवर मला डॉक्टरांचं म्हणणं खरं वाटतच नव्हतं. आता वाटतंय. रजा मिळो न मिळो, तू निघ. तुला दारात बघून ते चिडतील, शपथ मोडली म्हणून घर डोक्यावर घेतील. घेऊ देत. त्यांना एकदा तरी तसं चिडलेलं मला बघायचंय.

तुझीच, वाट बघणारी
ताई