तात्पुरता असेन

त्रोयान, २ ऑक्टोबर १९९४

प्रिय ल्यूबेनदादास,
सा. न. वि. वि.

मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या, हातांची आग अजून जात नाही. तुझ्या वाट्याच्या बाजूला ठेवल्यात. आई म्हणते, विनोद लिहून पोट भरणाऱ्या माणसाला कुणीतरी खायला घातलंच पाहिजे.

तिचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की हिवाळा निघाला तर नशीब. तिनं ते दाराआडून ऐकलं, आणि तेव्हापासून असेनच्या मेणबत्तीचा घोर लावून घेतलाय. त्या राजवटीत ती दोन माणसं माझ्या भावाला, असेनला, वसतिगृहातून घेऊन गेली, तेव्हापासून आई चर्चमध्ये त्याची मेणबत्ती वर लावते, जिवंतांच्या ओळीत. खाली, वाळूत, गेलेल्यांसाठी लावतात, तिथे फक्त बाबांची. मी एकदा असेनसाठी खाली वाकले, तर तिनं सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं. म्हणाली, पेपरात त्याचं नाव तात्पुरतं कमी केलं म्हणून छापलंय, तू कोण लागून गेलीस?

आता मात्र घाबरलीय. तो खरंच गेला असेल तर इतकी वर्षं पोर खाली अंधारात बसलंय आणि आपण वर उजेड करतोय, असं तिच्या मनानं घेतलंय. मरण्याआधी तिला मेणबत्ती योग्य जागी लावायची आहे. माझं ऐकत नाही. म्हणते, ल्यूबेनला विचार. त्याच विद्यार्थीपत्रात तो चुटके लिहायचा. ते लोक तात्पुरतं कशाला म्हणायचे, ते त्यालाच ठाऊक. जुने अंक आता वाचू देतात म्हणे. बघशील?

आजवर केलीस तशीच माया कर.
तुझी मावसबहीण,
नेदा


सोफिया, १९ ऑक्टोबर १९९४

चि. नेदास,
अ. उ. आ.

मावशीला म्हणावं, बरण्या लवकर पाठव, विनोदाला सध्या भाव नाही. वाचनालयाच्या तळघरात बसून सगळे अंक वाचले. तिथली बाई कोट घालूनच काम करते. दारावर पाटी आहे: वाफेची शेगडी तात्पुरती बंद. मी हसलो, तर म्हणाली, ही पाटी मी नोकरीला लागले तेव्हाचीच.

आमच्या पेपराला या शब्दाचं व्यसनच होतं गं. वसतिगृहात गरम पाणी तात्पुरतं नाही. मुलींची सोय तात्पुरती व्यायामशाळेत. पदवीच्या छायाचित्रात त्या तिथेच उभ्या आहेत, मागे कसरतीच्या शिड्या. एक प्राध्यापक तात्पुरते रजेवर गेले, मग त्यांची पुस्तकं तात्पुरती कपाटाबाहेर काढली, मग त्यांचं नावच कुठे नाही. माझं चुटक्यांचं सदरसुद्धा जागेअभावी तात्पुरतं थांबवलेलं आहे. तेव्हा मी अजून पुढच्या अंकाची वाट पाहायला हरकत नाही.

असेनची बातमी एका ओळीची आहे. ‘तिसऱ्या वर्षाचे असेन दोब्रेव यांचे नाव पटावरून तात्पुरते कमी करण्यात येत आहे.’ वर बुद्धिबळाच्या स्पर्धेचा निकाल, खाली हरवलेल्या छत्रीची जाहिरात. छत्री सापडल्याचं पुढच्या अंकात आहे. असेनचं काही नाही. त्या अंकात नाही, नंतरच्या कुठल्याच नाही.

तात्पुरतं गेलेलं परत आल्याची बातमी मला एकच मिळाली. खाणावळीतलं राजम्याचं सूप.

आता हे मावशीला कसं सांगायचं ते तू ठरव. खोटं लिहून हवं असेल तर तसं कळव. आयुष्यभर तेच केलंय, एक पत्र जास्त. पण तिला जागा योग्य हवी आहे असं तू लिहिलंस, म्हणून पाहिलं तेच लिहिलं.

मावशीच्या पाया पडतो. तुमच्या दोघींच्या आठवणीत मला ठेवा.
ल्यूबेन


त्रोयान, ६ नोव्हेंबर १९९४

प्रिय ल्यूबेनदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. मुलींच्या शिड्यांना हसली. सुपाची ओळ आली तेव्हा म्हणाली, बघ, राजम्याचीसुद्धा कुणाशी तरी ओळख होती. मग छत्री कुणाची होती ते विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली, रात्री जेवली नाही.

काल मृतांचा शनिवार. सकाळी उठून पाहते, तर तिनं गहू शिजवून ठेवलेला. दरवर्षी बाबांच्या नावानं एक वाडगा असतो, काल दोन होते. एकावर साखर जास्त. वाटेत मला रागावली, की चालतेस की रांगतेस, त्याला आधीच उशीर झालाय.

चर्चमध्ये मला हात धरू दिला नाही. स्वतः वाकली, गुडघे कडकड वाजले. बाबांच्या शेजारी वाळूत मेणबत्ती रोवली आणि तिच्याशी पुटपुटत बसली. मी कान दिला. त्याला सांगत होती, की चुकून वर लावत राहिले रे, रागावू नकोस, वडिलांच्या उजेडात बसला असशील ना?

उठवून बाहेर नेऊ लागले, तर मेणबत्त्या विकतात त्या खिडकीशी थांबून तिनं आणखी एक मेणबत्ती घेतली. ती वर लावली, जुन्याच जागी. पाद्रीबाबा पाहतच राहिले. त्यांनी हळूच विचारलं, आजीबाई, ही कोणासाठी?

आई म्हणाली, त्याच्याचसाठी, पण तात्पुरती.

बरण्या उद्याच्या बसनं धाडते. एकदा येऊन जा, तोवर माया पत्रातूनच पाठवत राहा.
नेदा