आबांची सनई

दिल्ली, ११ डिसेंबर १९९८

ती. दादास जीवनचा दिल्लीहून साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी लय आहे, पण जेवण बरं मिळतं. आबांचा खोकला थांबला का?

काल कार्यक्रम झाला. जुनी वाद्यं जुन्याच रीतीनं वाजवायची म्हणून सातपूरला तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण तिघांनी हा वृंद सुरू केला होता. आता वृंदात तीसजण आहेत, सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे. आणि एक कीबोर्ड.

सनईचा सूर हलत नाही, बाकीच्यांनी तिला जुळवून घ्यायचं, हे तूच सगळ्यांना शिकवलंस. इथं सूर कीबोर्डनं दिला. आबांची सनई त्यात बसेना. कीबोर्डवाल्यानं एक बटण दाबलं असतं तरी जुळलं असतं. पण नवे संचालक म्हणाले, "आता बदल नको. सनईचा आवाज कीबोर्डमध्ये आहेच, तुम्ही नुसती तोंडाला लावून बसा."

बसलो. टाळ्या भरपूर पडल्या.

सोबत फोटो पाठवतोय. आबांना दाखव, पण हे सांगू नकोस. माझे फुगलेले गाल बघून ते म्हणतील, पोरानं दम चांगला धरलाय. म्हणू दे.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
जीवन