पाखरांसाठी सोडायची ओळ

माघ, मंगळवार. दिवस मावळताना.

दुपारी इंग्लंडातनं नातीचा व्हिडिओ कॉल आला. परसात टांगलेली जाळीची नळी दाखवली, आत शेंगदाणं आन् सूर्यफुलाचं बी. "आज्जे, इथं थंडीत पाखरांसाठी लोक दुकानातनं दाणं आणत्यात." मी खदाखदा हसले. "आमी शेतात माळ्यावर बसून गोफणीनं हाकलतोय, आन् तुमी इकत आणून जेवाय घालताय व्हय गं? लय उतू चाललंय तुमचं!"

तीबी माझीच नात. म्हणाली, "आजोबा पाखरांना शाळूची कडंची ओळ ठेवायचं. यंदा तू ठेवलीस?"

"ठेवली की." खोटं बोलले.

कडंची ओळ परवाच कापली. कणसं टपोरी होती, हात थांबला न्हाई. नुसती सवय मोडली असती तर एवढं टोचलं नसतं. पण ह्यांच्या पिंडाला कावळा शिवंना, तवा समद्यांदेखत मीच हात जोडून म्हणलं होतं, "तुमची कडंची ओळ मी पाखरांना सोडीन." लगेच शिवला. आन् मी दुसऱ्याच सुगीला शब्द मोडला. कडंची ओळ म्हंजी किती? पाटीभर कणसं. एवढ्यासाठी?

नात उद्या परत फोन लावणार हाय, ओळ दाखव म्हणतीय. आत्ता त्याच परवा कापलेल्या कणसांची जुडी बांधून वळचणीला टांगली. चिमण्या लगेच आल्या. त्यांना चालतंय. नातीलाबी सांगीन कायतरी. ह्यांना काय सांगू?