हक्कसोडीची साडी

प्रिय अथर्व,

रविवारी तू गेल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. फोनवर बोलायला गेले तर मध्येच रडू फुटेल आणि तू ‘आई, शांत हो’ म्हणशील. मला शांत व्हायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझे बाबा जाऊन धड दोन महिने झाले नाहीत. तू आलास तो वकिलांना घेऊन, आणि हातात केबिन रोडच्या दुकानातली साडी. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, तीन वारसांची कटकट नको, आई, तू आणि सुरुचीताई हक्कसोडपत्रावर सही करा, तसंही तू माझ्याकडेच राहणार ना, असं एका दमात बोलून मोकळा झालास. वकिलांनी माझ्या हातचा चहा घेतला आणि विचारलं तुला, ‘रजिस्ट्रेशन के लिए मम्मी कब आ सकेंगी?’ जशी काही मी तिथे नव्हतेच.

राग तुझ्या बाबांवरही आहे. मृत्युपत्र करा म्हटलं की म्हणायचे, मला पोचवायची घाई झालीय का? घराच्या कागदावर माझं नाव घालायला त्यांना कधी सवड झाली नाही. गोडदेवला नवीन आलो तेव्हा टँकरमागे हंडा घेऊन मी धावायचे, तेव्हा मात्र घर माझं होतं. आता कायद्याने तुम्हा दोघांइतकाच माझाही हिस्सा आहे. हे मला सुरुचीने सांगितलं, तू नाही.

आणि हक्कसोड मला नवी नाही रे. माझे वडील गेले तेव्हा काशीनाथमामाने अशीच सही घेतली आणि साडी नेसवली. माहेर तुटू नये म्हणून मी सही केली. पुढच्याच दिवाळीला गेले तर वहिनीने उंबऱ्यातच विचारलं, किती दिवस राहणार? तुला हे सांगितलं तेव्हा तू शाळेत होतास. इतका चिडलास, की मामाचं तोंड बघणार नाही म्हणालास. तोच तू साडी घेऊन आलास.

ती साडी सुरुचीबरोबर परत पाठवते आहे, हे पत्र तिच्याच घडीत ठेवलंय. मी सही करणार नाही. सुरुचीचं सुरुची ठरवेल. नव्या घराच्या करारावर माझं नाव लागेल, आणि माझ्यामागे माझ्या हिश्श्याचं काय करायचं ते मी वेळेवर लिहून ठेवीन. तू ये, हवा तेव्हा ये. किती दिवस राहणार, असं मी विचारणार नाही. फक्त आईच्या घरी येतोयस, हे ध्यानात ठेवून ये.

रागावलेली, तरी तुझीच,
आई