साहेबांच्या खुर्चीचं चाक आणि माझा पहिला वाचक

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून कुरकुरतो, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं काकांनी फोनवर सांगितलं. आता तुला समोरच्या इमारतीतल्या बाई कोणती मालिका बघतात तेही दिसतं म्हणे. जपून राहा, थेंब वेळेवर घाल आणि उगाच भांडी घासायला उभी राहू नकोस.

काकांना आधी एक निरोप दे. ते मला दरवेळी विचारतात ना, की तू लिहितेस ते वाचतं कोण? तर वाचक मिळाला. तुला ठाऊकच आहे, कुठलं काम कोणाकडे आहे आणि कुठे अडलंय याचा माग ठेवणारं एक सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, आणि त्याची माहितीपुस्तिका मी लिहिते. ती आजवर कोणीही वाचली नाही. ज्याला अडेल तो सरळ माझ्या टेबलाशी येऊन मलाच विचारतो. (एकाने छापील प्रत कॉम्प्युटरचा पडदा उंच करायला त्याच्याखाली ठेवली, आणि मान दुखायची थांबली म्हणून माझे आभार मानले.) शेवटी साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, की कोणी वाचतच नसेल तर लिहिणाऱ्याची जागा ठेवणं कठीण आहे. जाता जाता एवढं एक काम करा, एआय एजंटांसाठी पुस्तिका लिहून द्या. एजंट म्हणजे विमा गळ्यात मारणारा नव्हे. हा कॉम्प्युटरमधला मदतनीस. आपण लिहिलेलं वाचतो आणि त्याप्रमाणे आपापलं काम उरकतो.

आत्या, तो वाचतो गं! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, तळटिपांसकट, आणि चहाला न उठता. माझ्या 'शक्यतो' आणि 'सहसा' या दोन शब्दांत फरक आहे, हे मानणारा तो जगातला पहिलाच. मी चार दिवस जमिनीवर नव्हते.

मग तो सोमवार उजाडला. मी पुस्तिकेत लिहिलं होतं, की तातडीचं काम आधी घ्यावं, त्यातलं सर्वांत जुनं सर्वांत आधी, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावू नये. वाक्यात खोट नव्हती, खोट आमच्या रीतीत होती. आमच्याकडे प्रत्येक जण प्रत्येक कामावर 'तातडीचं' अशी खूण करतो, कारण नाहीतर त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आणि त्या ढिगाच्या तळाशी सर्वांत जुनं तातडीचं काम कोणतं होतं, तर साहेबांच्या खुर्चीचं मोडलेलं चाक. एजंटाने बाकीची सगळी कामं थांबवली. प्रोग्रामर, हिशेबनीस, ग्राहकांचे फोन घेणाऱ्या मुली, सगळ्यांना विनम्र संदेश गेला, की चाकाचं काय झालं ते कळवावं, तोवर पुढचं काम मिळणार नाही. दुपारी एक बडा ग्राहक सॉफ्टवेअर बघायला आला, तेव्हा आमचे दोन प्रोग्रामर जमिनीवर पालथे पडून साहेबांची खुर्ची उलटी करत होते. साहेब उभे होते. (बसणार कशावर?)

ग्राहक पुन्हा येतो म्हणून गेला, आणि साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, भरला माझा घडा. पण मी काही रडले-बिडले नाही. म्हटलं, त्याने एक अक्षरही चुकीचं वाचलेलं नाही, मला एकच पान लिहू द्या. त्या पानावर मी लिहिलं, की तातडीची खूण दिसली की आधी ती करणाऱ्याला विचारावं, हे आज झालं नाही तर कोणाचं काय बिघडेल?

दुसऱ्या दिवसापासून एजंट एकेकाला तेच विचारू लागला. माणसं डोकं खाजवायची आणि खूण काढून टाकायची. संध्याकाळपर्यंत तातडीची कामं बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि लोक चक्क वेळेवर घरी गेले. साहेबांनाही त्यांच्या चाकाबद्दल प्रश्न आलाच. त्यांनी उत्तर लिहिलं, "काही नाही." नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुमची जागा राहते आहे. आणि ते पान माणसांच्या पुस्तिकेतही घाला." मला अभिमान वाटतो, आत्या, आणि तो मी लपवणार नाही. तू आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलीस, एकेका स्वल्पविरामासाठी लेखकांशी भांडलीस. तुझ्या भाचीने एका पानात अख्खं ऑफिस वळणावर आणलं.

काकांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी,
भाची

ता. क. वरचं काकांना मोठ्याने वाचून दाखव. ते झोपले असतील तर उठवून.

ता. क. दुसरा. सोबत पुस्तिकेची प्रत पाठवली आहे. एजंटाने ती कितीदा वाचली असेल देव जाणे, पण "छान लिहिलंय" असं काही म्हणाला नाही. विचारलं असतं तर म्हणालाही असता, पण ते विचारून ऐकण्यात काय अर्थ आहे? तू वाचशील का? तिसऱ्या प्रकरणात मी एक विनोद केलाय. हसू आलं तर एका ओळीचं पत्र टाक. नाही आलं, तरी टाक, आणि आलं म्हणून लिही.