बॅटरी का उतरत होती

बावडा, ता. इंदापूर
मार्च १९५६

प्रिय जयवंता,

गाडीची बॅटरी का उतरत होती ते सापडलं. आधी तेच लिहितो, कारण जो तो मला तेच विचारायचा आणि मी दर वेळी तुझं नाव सांगायचो. वायरिंग जयवंताचं, इंजिन माझं, असं मी मोठ्या अभिमानानं म्हणायचो. आपण दोघांनी लष्कराच्या लिलावातून तो ट्रक उचलला, तेव्हापासून मी त्याच्या एकाही वायरीला हात लावला नव्हता. तू असताना गरजच काय होती?

आई गेल्यापासून गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती. तू दोनदा येऊन म्हणालास, विकून टाक हे धूड, गिऱ्हाईक मी बघतो, ओढून न्यायचंही मी बघतो. मला वाटलं, आईची आठवण होते म्हणून तुला ती डोळ्यांसमोर नको असेल. मी तयारही झालो होतो. रतननं अडवलं. म्हणाली, "इकायची तर इका. पन त्या दिवशी ती का सुरू झाली न्हाय, तेवडं मला कळाय पायजे." तुझी बहीण एकदा बोलली की मागं हटत नाही, हे तुला नवीन नाही.

मग मी बॅटरी इंदापुरातून चार्ज करून आणली आणि शोधायला बसलो. युद्धाच्या वेळी लष्कराच्या वर्कशॉपात तूच मला शिकवलं होतंस. सगळी बटणं बंद करायची, बॅटरीच्या एका टोकाची केबल सोडवायची आणि मध्ये एक बल्ब जोडायचा. गाडीत कुठंच करंट जात नसेल तर बल्ब लागत नाही. लागला, तर करंट कुठंतरी गळतोय. मग एकेक वायर सोडवत जायची. जी सोडल्यावर बल्ब विझेल, गळती तिच्यावर. तेव्हा मला ते डोक्यात शिरत नव्हतं आणि तू न कंटाळता पुन्हा पुन्हा दाखवायचास. डाळजचा तू, बावड्याचा मी, एका ताटात जेवायचो. तुझ्या बहिणीचा हात तू मला दिलास तो काही कुणी मध्यस्थ होता म्हणून नाही.

रतन बल्ब धरून उभी राहिली. बल्ब लागला. मी डायनॅमो आणि बॅटरीच्या मधल्या कटआउटची वायर सोडली. "लागलाय," रतन म्हणाली. पुढच्या दिव्यांची सोडली. लागलाय. हॉर्नची सोडली. लागलाय. डॅशबोर्डामागं जे जे हाताला आलं ते सगळं सोडलं, तरी ती आपली तेच म्हणतेय. मी वैतागून खाली बसलो. तेव्हा स्टार्टरच्या जाड केबलीमागं, त्याच नटाखाली, एक बारीक काळी वायर दिसली. चिखल फासल्यासारखी केली होती, म्हणून एरवी नजरेत येत नसे. ती काढली आणि रतन म्हणाली, "इजला."

ती वायर मी हातानं चाचपत गेलो. फळीखालून, ड्रायव्हरच्या सीटमागून, पार कोपऱ्यापर्यंत. तिथं पत्र्याचा एक छोटा डबा स्क्रूनं पक्का केलेला. झाकण उघडलं तर आत बल्ब. त्याला बटण नाही, काच नाही, उजेड बाहेर पडायला फटसुद्धा नाही. दिवसा गाडी पळाली की डायनॅमो बॅटरी भरायचा आणि गाडी उभी राहिली की हा बल्ब ती पिऊन टाकायचा. एक दिवस गाडी सुरू व्हायची, दुसऱ्या दिवशी नाही. नवी बॅटरी घातली तरी तेच. मी तुला बोलवायचो. तू यायचास, तपासायचास, रतनच्या हातची भाकरी खायचास आणि सांगायचास की कटआउट चिकटतोय. दर वेळी त्या डब्यापासून वीतभर अंतरावर बसून सांगायचास.

कुणी केलं हे मला विचारावं लागलं नाही. वायरीच्या सांध्यावर पट्टी नव्हती, मेणदोरा होता. बारीक, सारख्या वेढ्यांचा, शेवटी गाठ आत सरकवलेली. वर्कशॉपातला साहेब तुझी ती गाठ सगळ्यांना दाखवायचा. तरीही मी मनाशी म्हणत राहिलो, जुनं काहीतरी असेल, कशासाठी तरी केलं असेल, विसरला असेल.  रतननं नुसता त्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी गेणबाकडं गेलो. त्याच्या मळ्यातली वांगी किती वर्षं मी बारामतीच्या सकाळच्या रेल्वेला पोचवली, तुला ठाऊक आहे. दोनदा माल माझ्या ट्रकवरच सुकला आणि त्यानं माल वाहणाऱ्या बापूसाहेबांची गाडी धरली. मी त्याला कधी दोष दिला नाही. पण आता विचारलं, बापूसाहेबांकडं जायचं तुला सुचवलं कुणी?  म्हणाला, "जयवंतानंच की. म्हनला, हिंदुरावची गाडी आता भरवशाची न्हाय, बापूसाहेबाकडं द्या. त्या गाडीत तेचीबी भागी हाय न्हवं? तुमाला ठावं न्हाय व्हय?"

मला ठावं नव्हतं.  तुला वेगळं व्हायचं होतं तर सांगायचंस. माझ्या तोंडावर म्हणायचंस, हिंदुराव, मला बापूसाहेबांबरोबर धंदा करायचाय. मी भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि मग तुझ्याच गाडीला टायर चढवायला मदत केली असती. तेवढंही तुला माझ्याबद्दल वाटलं नाही, हे धंदा गेल्यापेक्षा जास्त लागलं.

आणि आता आईचं. ती लेकीकडं, आमच्या घरी राहत होती. आम्ही दोघांनी तिला पुढच्या सीटवर बसवली तेव्हा फटफटत होतं. छाती धरून होती, घामानं लुगडं भिजलेलं. स्टार्टर टक् करून गप्प झाला. हँडल मारलं, ठिणगी नाही. शेजारच्यांनी ढकलली, मग बैल जुंपून ओढली, तरी नाही. शेवटी तिला बैलगाडीत घातली आणि कॅनॉल ओलांडायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत पोचला असतात तर काहीतरी करता आलं असतं. नरसिंहपूरला अस्थी सोडल्या तेव्हा तू मला एकच विचारलंस, "सुरू झालीच न्हाय?" मी नाही म्हणालो आणि तू घाटाच्या पायरीवर मटकन बसलास. तुला उठवेना. मी तुला छातीशी धरलं, तुझं सांत्वन केलं. त्या वेळी तुला सगळं कळलं होतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तू गप्प राहिलास. बल्ब लावलास तेव्हा आई मरावी असं तुझ्या मनात नव्हतं, हे मी जाणतो. पण त्या घाटावर गप्प राहिलास ते मनात आणून राहिलास.

तू निरोप धाडलास की वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मुक्कामाला येतो. म्हणून हे पत्र. रतन माझ्यासमोर बसली आहे आणि ती सांगते तसं लिहितो. "ल्योक हाय तो. पानी त्यानंच सोडायचं. घाटावर येऊ दे. पन माज्या घरात त्याचं ताट मी मांडनार न्हाय." आणखी एक गोष्ट लिहायला सांगते, जी आम्ही तुझ्यापासून लपवली होती. तुला सोसणार नाही म्हणून लपवली होती. मी हँडल मारून मारून दमलो तेव्हा आईनं माझा हात धरला. तिला धड बोलवत नव्हतं. म्हणाली, "माज्या जयवंताला बोलवा. तो करंल सुरू."

रतनचा नवरा,
हिंदुराव